पन्नाशीचा खांदा

मीराचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. “रेखामावशी, आई गेली... झोपेतच,” एवढंच ती बोलू शकली. माझा नवरा अविनाश सोमवार ते शुक्रवार ब्रॅकनेलला, ऑफिसच्या कामावर. त्याला कळवलं तर म्हणाला, “मी फ्रायडेला येतो, मग दोघं जाऊ.” मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत इथे कोण थांबतंय? तासाभरात मी गाडीत बसले आणि नॉटिंगहॅमहून एडिनबराला निघाले, एकटी. पोहे तसेच राहिले. अर्ध्या वाटेवर मोटरवेच्या कडेच्या सर्व्हिसेसला कॉफी घेताना मनात आलं, एवढी मजल मी एकटीनं मारली हे शशीकाकूंना सांगायला हवं... आणि मग आठवलं की निघालेय ती कशासाठी.

शशीकाकू म्हणजे मीराची आई. माझ्या नात्याच्या नव्हेत, पण परदेशात शेजारच्या गल्लीत मराठी बाई सापडली की काकू व्हायला वेळ लागत नाही. तीस वर्षं त्यांनी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांचे गुडघे वाकवले, मनगटं फिरवली. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका गुलाब लावतात. काकूंनी चिनी वैद्यकाच्या वर्गात नाव घातलं. दोन वर्षं दर शनिवार-रविवार लिनबाईंकडे हजेरी. लिनबाई म्हणजे त्यांच्या चिनी गुरू, वयानं काकूंपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि शिस्तीला दहापट कडक. मीरा तेव्हा एडिनबराला डॉक्टरी शिकत होती. तिला हे सगळं फार लाजिरवाणं वाटे. “आई, माझे कलीग्ज काय म्हणतील?” तर काकू शांतपणे म्हणाल्या, “का? त्यांना गुडघे नाहीत का?”

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या डाव्या खांद्यामुळे. दोन हजार तीन सालची गोष्ट. अविनाशच्या मागोमाग मी या देशात आले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. नागपुरात मी गावभर स्कूटर पिटाळायचे आणि इथे बसस्टॉपवर भिजत उभी. कौन्सिलची एक नोकरी मिळत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, हवं-नको बघायचं. अगदी माझ्या स्वभावाची. अट एकच, फुल ड्रायव्हिंग लायसन्स. ती जागा एप्रिलपर्यंत ठेवतो असं त्यांनी कळवलं होतं. मी टेस्टमध्ये दोनदा नापास झालेली, आणि त्यात खांदा धरला. गाडी कोपऱ्यावरून रिव्हर्स घेताना डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकून मागे वळायचं, तर हात छातीच्या वर उठेना. केससुद्धा एका हातानं कसेबसे बांधायचे. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, म्हणाला, फ्रोझन शोल्डर, दोनेक वर्षांत आपोआप सुटेल, आणि व्यायामाची चित्रं असलेला कागद दिला. दोन वर्षं! एप्रिल पाच महिन्यांवर होता.

“चिनी लोक याला पन्नाशीचा खांदा म्हणतात,” काकू म्हणाल्या.

“मला पन्नाशीला तीन वर्षं आहेत,” मी म्हटलं.

“खांद्याला घाई झाली असेल.”

मग प्रश्न सुरू झाले. दुखणं जागा बदलतं का? बदलत असेल तर वारा. एकाच जागी ठाण मांडून बसतं का? मग थंडी. ओल्या गोधडीसारखं जड वाटतं का? मग ओल. मला वाटलं, ही तर आमच्या आजीचीच भाषा, फक्त चीनला जाऊन आलेली. तीन बोटं मनगटावर ठेवून त्यांनी बराच वेळ नाडी पाहिली, मग म्हणाल्या, “जीभ दाखव.” दुखतोय खांदा आणि दाखवायची जीभ. पण हात-पाय का अडलेत हे जिभेवर दिसतं, असं लिनबाईंनी त्यांना शिकवलं होतं. माझी जीभ लालभडक, वर पांढऱ्या थराची साय म्हणून नाही. काकूंचा चेहरा गंभीर झाला. “तू आतून कोरडी पडली आहेस. उष्णता आहे.”

सुई मात्र खांद्याला नाही, नडगीच्या बाजूला. ती टोचून म्हणाल्या, “आता हात वर घे.” मी म्हटलं, “काकू, खांदा तिकडे आहे.” “माहितेय मला कुठे आहे. तू हलव.” दर गुरुवारी हा कार्यक्रम. शेक मात्र बंद, कारण अंगात उष्णता. वर थंडाव्यासाठी रोज एक उकडलेलं पेअर, म्हणजे नाशपाती, खायचं. सहा आठवडे मी पेअर खाल्ली. पेअरचं मला काही वाटेनासं झालं, खांदा होता तिथेच. उलट थंडी वाढली तसा जास्त ठणकायला लागला. काकू अस्वस्थ. “नाडी म्हणते थंडी, जीभ म्हणते उष्णता. दोघींपैकी एक खोटं बोलतेय,” असं पुटपुटायच्या. मला त्यांचीच काळजी वाटायला लागली, कारण मी त्यांची पहिली पेशंट होते आणि सगळं मराठी मंडळ माझ्या खांद्याकडे डोळे लावून बसलं होतं.

एकदा त्या माझ्याकडे जेवायला आल्या. हात धुवायला बाथरूममध्ये गेल्या त्या बाहेर आल्या तांब्याची पट्टी हातात घेऊन.

“हे काय आहे?”

“जीभ खरवडायची.”

“रोज?”

“रोज. गुरुवारी दोनदा. तुम्हाला जीभ दाखवायची म्हणजे स्वच्छ नको का...”

काकू मटकन खुर्चीत बसल्या. मला वाटलं रागावल्या, तर खांदे गदागदा हलत होते, हसू आवरत नव्हतं. पन्नास वर्षं त्या स्वतः रोज सकाळी जीभ खरवडत होत्या. एवढी अंगवळणी पडलेली गोष्ट की विचारायचं सुचलंच नाही. लिनबाईंच्या वर्गात सगळे गोरे नमुने, त्यांच्यात कुणी जीभ खरवडत नव्हतं, त्यामुळे पुस्तकातली जीभ आणि समोरची जीभ जुळायची. आम्ही मराठी बायका पुरावा आधी घासूनपुसून मग डॉक्टरकडे जाणार. काकूंनी लिनबाईंना फोन करून कबुली दिली, तर त्या पलीकडून इतक्या हसल्या की मलाही ऐकू आलं.

मग चार दिवस जीभ न खरवडता राहायची शिक्षा. पारोसं राहिल्यासारखं वाटत होतं. पाचव्या दिवशी जीभ बाहेर काढली तर वर पांढरी, दाट साय. काकूंना इतका आनंद की विचारू नका. “ही बघ थंडी. ही बघ ओल. किती छान.” पेअर बंद झाली आणि धूर सुरू झाला. कसल्याशा पाल्याची जाड कांडी पेटवून खांद्याजवळ धरायची. वास थेट आपल्या दवण्याच्या भावकीतला. पहिल्याच दिवशी स्मोक अलार्म ठणाणा करू लागला आणि शेजारचे आजोबा चपला न घालता मदतीला आले. त्यांनाही खुर्चीत बसवून काकूंनी त्यांची नाडी पाहिली.

फेब्रुवारीत हात कानापर्यंत गेला, मार्चमध्ये डोक्यावर. मीरा फोनवर म्हणाली, तो आपोआपच सुटणार होता. मी ते काकूंना सांगितलं. “सुईनं झालं, धुरानं झालं, की दिवस भरले म्हणून झालं, मला विचारू नकोस,” त्या म्हणाल्या. “हात वर गेला ना?” मार्चअखेर कोपऱ्यावरून गाडी उलटी घेतली, हात सीटच्या पाठीवर टाकून, मान पूर्ण वळवून. पास. नोकरी मिळाली. अख्ख्या काउंटीतल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांची मी विचारपूस करत फिरायला लागले.

आणि काकूंकडे जाणं कमी झालं. आधी दर गुरुवार, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीचा फराळ. फोन केला की त्या विचारायच्या, “खांदा बरा आहे ना? मग ठीक.” गेल्या वर्षी मीरानं त्यांना एडिनबराला नेलं. येते, येते म्हणत मी एकदाही गेले नाही.

गेले ती अशी. मीरानं दार उघडलं, मिठी मारली, चहा केला. मग आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, “आईचा खोली तसाच ठेवलाय. तू बघ ना.” टेबलावर एक पुठ्ठ्याचा खोका होता, त्यात पेशंट्सची कार्डं, पाठपोट गिचमिड अक्षरात भरलेली. पहिलंच माझं. मीरा म्हणाली, “मला मराठी वाचता नाही येत. काय लिहिलाय?”

मी वाचून दाखवलं. डावा खांदा. जीभ लाल, साय नाही. मग ते खोडून मोठ्या अक्षरात, ‘खरवडते!’ पुढे हात कुठवर गेला त्याच्या नोंदी, छातीपर्यंत, कानापर्यंत, डोक्यावर. शेवटची नोंद होती, ‘खांदा पूर्ण बरा. टेस्ट पास.’ आणि तिच्याखाली वेगळ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेलं, ‘उगाच बरी केली.’

“म्हणजे?” मीरानं विचारलं. “ट्रीटमेंट चुकला का?”

“नाही गं,” मी म्हटलं. “खांदा अगदी बरा झाला. मग मी जायची थांबले.”