अर्ध्या चुड्यावर स्थगिती

आमच्या दुकानावर ताब्याचं वॉरंट आलं तेव्हा सासूबाईंच्या हातात सांगवीच्या एका नवरीचा हात होता. माझा नवरा अपिलात स्थगिती मिळवायला पुण्याला गेलेला, दुकानात आम्ही दोघीच. बारामतीच्या पेठेतलं बांगड्यांचं दहा फुटी दुकान, मागे एक खोली, तिच्यातच चूल आणि बिऱ्हाड. ते गेलं असतं तर आम्ही त्या संध्याकाळी रस्त्यावरच आलो असतो.

जागेचे मालक इंदापूरचे. माळेगावला साखर कारखाना होतोय म्हटल्यावर पेठेतल्या जागांना भाव आला आणि मालकांना एकदम आठवलं की आपल्याला एक मुलगा आहे. त्याला इथं किराणा दुकान काढायचंय, असं त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं. मुलगा तेव्हा पुण्यात वकिलीचं शिकत होता. तीन वर्षं तारखा पडल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी आमचे वकील लग्नाला, कधी त्यांचे वकील त्याच लग्नाला. शेवटी एकदाचा निकाल लागला, तो आमच्याविरुद्ध.

तर दुपारी बाराच्या सुमारास बेलिफ आला. बरोबर दोन पंच आणि खुद्द मालक. मालकीणबाई बाहेर मोटारीत बसलेल्या. ताबा झाला की दोघांना तसंच पुढं कुणाच्या तरी हळदीला जायचं होतं. बेलिफ गावातलाच. त्याच्या घरच्या झाडून सगळ्या लग्नांचे चुडे सासूबाईंनीच भरलेले.

"मावशी, दुकान खाली करावं लागतंय," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

"करा की," सासूबाई म्हणाल्या. "पर पोरीचा एक हात भरलाय, एक मोकळा हाय. अर्ध्या चुड्यावर नवरीला उठवायचं आसंल तर तुमी उठवा. मी न्हाय उठवणार."

या माणसानं लोकांची भांडीकुंडी जप्त केली होती, दावणीचे बैल सोडून नेले होते. पण नवरीला अर्ध्या चुड्यावर उठवणं त्याच्याच्यानं होईना. तो ओट्यावर बसला. पंचही बसले. "पाच मिनिटांचं तर काम हाय," मालक म्हणाले.

सासूबाईंचा हात तालुक्यात प्रसिद्ध. कितीही कडक हात असो, बाईचं "आई गं" म्हणून होईपर्यंत बांगडी आत गेलेली असे. त्या दिवशी मात्र त्या जणू नव्यानंच धंदा शिकायला बसल्या होत्या. नवरीची एक बांगडी बाकी ठेवून त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि गल्लीत सांगून आले.

बायका येऊ लागल्या. समोरच्या अत्तारांची बायको आली, शिंप्याची आली, भाजीवाल्या पाट्या तशाच टाकून आल्या. एकीचा शेवटचा हात पुरा व्हायच्या आधी दुसरीचा पहिला सुरू. बेलिफ इमानदारीनं कागदावर लिहीत होता : एक बाई, डावा हात भरलेला, उजवा बाकी.

"ही कोर्टाची बेअदबी हाय!" मालक ओरडले.

"आसंल मालक," बेलिफ म्हणाला. "पर ह्यो अपशकुन माझ्या माथी नगं. माझ्याबी घरात पोरी हायेत. आनि दिवस मावळल्यावर राहत्या घरात शिरायचं न्हाय, ह्योबी कायदाच हाय."

चार वाजता बायका संपल्या. गल्लीत मोकळा हात उरला नाही. शेवटच्या बाईची शेवटची बांगडी आत गेली आणि मालक धोतर झटकत उभे राहिले. मी भ्याले. चुलीवरचं पातेलं आधी उचलावं की अंथरूण, एवढाच विचार डोक्यात होता.

तेवढ्यात मोटारीचं दार आपटलं. मालकीणबाई तरातरा आत आल्या, सतरंजीवर बसल्या आणि हात पुढं केला. "माझ्याबी भरा."

"अगं, आत्ता?" मालक म्हणाले.

"मग कवा? दुपारपास्नं मोटारीत उकडतीया, कुनी पानी तरी इचारलं का? आता बसा तुमीबी!"

आमची दया आली म्हणून त्या आल्या, असं मी म्हणणार नाही. नवऱ्याला ताटकळत ठेवायची संधी त्यांना जन्मात पहिल्यांदा मिळाली होती, आणि ती त्यांनी सोडली नाही.

डावा हात भरून झाला. बेलिफानं पेन्सिल थांबवली. "मालक, ह्यास्नी उठवू का?"

तीन वर्षं आमच्या कुठल्याही कागदाला न भ्यालेल्या मालकांनी बायकोच्या त्या रिकाम्या उजव्या हाताकडं पाहिलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि ओट्यावर पंचांच्या शेजारी बसले.

साडेपाचच्या एस.टी.नं माझा नवरा आला, पळतच. हातात पुण्याच्या कोर्टाची स्थगिती. बेलिफानं ती दोनदा वाचली. आमच्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झालेला दिसला.

मालकीणबाईंचे दोन्ही हात तोवर भरून झाले होते. रीतीप्रमाणे त्यांनी बांगड्यांना हात जोडले आणि सासूबाईंच्या पाया पडल्या. आमच्या धंद्यात पाया पडलेल्या सवाष्णीला तिच्या नवऱ्याच्या आयुष्याचा आशीर्वाद द्यावाच लागतो, त्यातून सुटका नाही. याच नवऱ्याचं काय व्हावं, हे सासूबाई तीन वर्षं रोज सकाळी देवापुढं बोलत आल्या होत्या. ते शब्द मी इथं लिहीत नाही. सगळी गल्ली बघत होती. सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जन्मसावित्री व्हा. मालकास्नी शंभर वर्षं आयुष्य मिळू दे."

आशीर्वाद लागला. दावा पुण्याहून मुंबईला गेला, मुंबईहून परत आला. आमचे वकील गेले, त्यांचे वकील गेले. मालक मात्र प्रत्येक तारखेला हजर, काठीसुद्धा न टेकता. अंथरुणाला खिळल्यावर सासूबाई एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "शंभर कशाला म्हनले गं मी? सत्तरात बी भागलं असतं."