पौषात इंजिनात पाणी

स्पार्क प्लग काढले, माझ्या मेकॅनिकने स्टार्टर मारला आणि इंजिनातून पिचकारी उडाली. थेट समोर उभ्या असलेल्या गाडीमालकाच्या, प्रथमेशच्या, इस्त्रीच्या शर्टावर. पाणी होतं. बाहेर पौषातलं कोरडं ऊन, दिवाळीपासून रत्नागिरीत थेंब पडलेला नाही, आणि या माणसाच्या पेट्रोल इंजिनात पाणी.

"हे आलं कुठून?" मी विचारलं.

"तेच तुम्ही सांगा दादा. पाईप तुम्ही बसवलात."

त्याच्या आवाजावरून कळलं की हे उत्तर तो घरूनच ठरवून आला होता.

पाईप म्हणजे कोल्ड एअर इनटेक. इंजिनाला पेट्रोलसोबत हवाही लागते. कंपनी हवेचा फिल्टर वर, बॉनेटखाली डब्यात बसवते. तिथे इंजिनाची गरमी असते. गरम हवा विरळ, थंड हवा घट्ट. घट्ट हवा मिळाली की गाडी थोडी जास्त ओढते आणि आवाजही दमदार येतो. खरं सांगायचं तर पोरांना आवाजच हवा असतो. म्हणून डबा काढून लांब पाईप लावतात आणि फिल्टर खाली, बंपरच्या मागे नेतात. तिथे थंड हवा मिळते. पण तिथे रस्ताही जवळ असतो.

धोका पाण्याचा. हवा दाबली की दबते. पाणी दबत नाही. पिस्टन जोरात वर येतो आणि वर पाणी असेल तर तो भिंतीवर आपटल्यासारखा आपटतो. पिस्टनला खालून धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. याला आम्ही हायड्रोलॉक म्हणतो. हे सगळं मी प्रथमेशला पाईप बसवताना सांगितलं होतं. "गाडी साचलेल्या पाण्यात घालायची नाही. पावसाळ्याआधी जुना डबा परत लावून घ्यायचा." तो "हो दादा, हो दादा" म्हणत मोबाईल बघत होता.

आता तोच मोबाईल माझ्या गळ्याशी आला होता. गाडी बंद पडल्यावर त्याने ती आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टो करून नेली. तिथे बॉनेट उघडून, पाईप बघून, त्यांनी हात वर केले. बाहेरचं फिटिंग, वॉरंटी विसरा. मग याने गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या गॅरेजचं नाव घालून लिहिलं: 'इथे इनटेक बसवला, इंजिन गेलं. सावध राहा.' रत्नागिरीत निम्मे गाडीवाले त्या ग्रुपवर आहेत. सकाळपासून ठरलेली कामं रद्द व्हायला लागली होती. एक डॉक्टर तर स्वतः येऊन, क्लच खोललेली गाडी तशीच घेऊन जाऊ का, असं विचारून गेले.

त्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी उमेदीची वर्षं घातली. आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी शिकवलं. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा त्यांनी मी शिकवलेल्या पोरालाच खुर्ची दिली, कारण त्याच्याकडे डिप्लोमा होता. आज तो मॅनेजर आहे. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. म्हणून पहिला संशय त्याच्यावरच गेला. मी फोन लावला.

"काय सांगितलंस गिऱ्हाइकाला?"

"जे दिसलं ते. तू फिल्टर बंपरमागे लटकवलास. तिथे पाणी जाणारच."

"पाऊस कुठाय? पाणी आलं कुठून?"

"ते तू शोध. गॅरेज तुझं आहे."

"गाडी तुझ्याकडे रात्रभर होती."

"म्हणजे मी पाणी ओतलं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंस," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी खरंच तसंच म्हटलं होतं.

मग मोर्चा प्रथमेशकडे वळवला. डॅशबोर्डवर फेरीबोटीची पावती पडली होती. त्याची सासुरवाडी ठरलीय दाभोळच्या पलीकडे, म्हणून हा दर सुट्टीला गाडी बोटीत घालून खाडी ओलांडतो. भरती असली की जेट्टीच्या उतारावर पाणी चढतं. घाई असलेला माणूस त्यातूनच गाडी घालतो, आणि नवी सोयरीक झालेल्या माणसाला घाई असतेच.

"खाडीच्या पाण्यात घातलीस ना?"

"आईशप्पथ नाही. ओहोटी होती. टायरसुद्धा भिजले नाहीत."

"मग ही काय आकाशातून पडली पिचकारी?"

"दादा, तुम्ही उलट मलाच चोर ठरवताय."

मी प्लगच्या भोकाशी बोट लावलं आणि जिभेला टेकवलं. पेट्रोलचा वास, कडवट चव. पण खारट नाही. खाडीचं पाणी असतं तर कळलं असतं. थुंकून, चूळ भरून मी खाली वाकलो आणि फिल्टर सोडवला. पिळला तर त्यातूनही पाणी निघालं. घड्यांमध्ये पिवळट पूड चिकटली होती. हुंगली. फटाका वाजून गेल्यावर येतो तो वास.

गॅरेज टाकायच्या आधी मी आंबेवाल्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करत बागाबागांतून फिरायचो. मोहोरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडली की गंधक मारतात. कपडे धुतले तरी तो वास जात नाही.

"तुमची बाग आहे ना रे?" मी विचारलं.

प्रथमेशचा चेहरा पडला. "आहे. त्याचं काय?"

"बागेचा पंप गाडीला कोणी लावला?"

"मला माहीत नाही. बाबांना मध्ये आणू नका."

मी बाबांचं नावही घेतलं नव्हतं. संशय पक्का झाला. हा काहीतरी लपवतोय.

"एक तर तू त्यांना इथे बोलव, नाहीतर मी बागेत जातो. माझं नाव तू गावभर केलंस. आता गावभर कोणाचं नाव फिरतं ते बघू."

त्याने बरीच गयावया केली. शेवटी फोन लावला. दुपारच्या एसटीने वडील आले. हातात पिशवी, डोक्याला टोपी, शर्टावर गंधकाचे तेच पिवळे डाग. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"काय झालं हो मिस्त्री?"

"काका, गाडी धुतलीत?"

"धुतली. खाडीवरनं आली की मी धुतोच. मीठ पत्रा खातं. ह्याला कुठे कळतंय?"

"कशाने धुतलीत?"

"फवारणीच्या पंपानं. गन खालून आत धरायची, सगळं मीठ सुटतं."

"आणि इंजिन?"

"चालू ठेवायचं. हलत राहिलं की सांदीतलं पण निघतं. मी जीप होती तेव्हापासनं असंच करतो. कधी काय झालं नाही."

कसं होणार? जीपचा फिल्टर वर होता. इथे फिल्टर बरोबर गनच्या तोंडाशी, आणि चालू इंजिन समोर येईल ते आत ओढत होतं.

"मग धुताना बंद पडली असेल."

काकांनी पोराकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "पडली. दोनदा चावी मारून बघितली, फिरली नाही. म्हटलं बॅटरी गेली. ह्याला बोललो नाही, उगाच ओरडेल."

"बाबा!" प्रथमेश ओरडलाच. "मी सकाळी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला ना!"

काका गाडीखाली वाकले. "पण हे नळकांडं कसलं?"

मी प्रथमेशकडे बघितलं. प्रथमेश छताकडे बघत होता. आता मला उलगडलं. पाणी कुठून आलं हे त्याला माहीतच नव्हतं. तो पाईप लपवत होता. गाडी वडिलांच्या पैशांची, आणि नव्या गाडीला हात लावायचा नाही अशी त्यांची ताकीद. पाईपबद्दल बोलायची सोय नाही, म्हणून 'खालून पाणी मारू नका' हेही तो सांगू शकला नव्हता.

"हवेचा पाईप आहे काका. तुमच्या चिरंजीवांनी बसवून घेतला."

"ह्यानं मला काय सांगितलंनच नाय!" काका भडकले. "लग्नाच्या आधीच हे, मग पुढे काय रे?"

भांडण रंगू दिलं असतं, पण माझा सौदा बाकी होता. मी म्हटलं, "लेबर मी सोडतो. पार्ट तुमचे. जुना डबा फुकट बसवून देतो. पण ग्रुपवर आत्ता लिहायचं, माझ्यासमोर."

प्रथमेशने लिहिलं: 'थोडा गैरसमज झाला होता.'

"गैरसमज खोड. गैरसमज नवराबायकोत होतो. पाणी कुठून गेलं ते लिही."

"बाबांचं नाव नको दादा."

"लिही की माझं नाव," काका म्हणाले. "मी काय दरोडा घातला?"

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

"नाव नको," मी म्हटलं. "बाकी सगळं हवं."

शेवटी वाक्य ठरलं: 'गाडी पंपाने खालून धुताना फिल्टरमध्ये पाणी गेलं. फिटिंगमध्ये दोष नव्हता.' दुसरं वाक्य तो गुपचूप खोडत होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि मेसेज पूर्ण करून स्वतः पाठवला.

इंजिन खोललं. एक रॉड वाकला होता. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, वाचला. नवा रॉड घातला, जुना डबा लावला आणि गाडी निघाली. पाईप काका पिशवीत घालून घेऊन गेले. डॉक्टरांची गाडी माझ्याकडेच राहिली. त्या मेसेजखाली सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरने अंगठा टाकला. तो कौतुकाचा होता की 'तिथे पाणी जाणारच' याची आठवण करून देणारा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इनटेक मी आजही बसवतो. पावसात काय करायचं ते आता शेवटी सांगतो. आधी विचारतो, घरी गाडी धुतं कोण? मग त्या माणसाला गॅरेजवर घेऊन यायला सांगतो. बरेच जण पुन्हा येत नाहीत.