मानेतली बंद डावी धमनी

डॉक्टरांनी माझ्या मालकांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा बाजूला सारला. मानेच्या उजव्या अंगाला बोटं ठेवली, मग डाव्या. डावीकडे पुन्हा पुन्हा चाचपलं. "बाई, इथं नाडीच लागत नाही," म्हणाले.

बीडच्या निजाम सरकारच्या दवाखान्यातली ही गोष्ट. ते म्हणाले, ही कॅरोटिड. म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणारी धमनी. दोन्ही बाजूंना एकेक असते. यांची डावी आतून फाटली आणि रक्त गोठून बंद झाली. बोलणं आणि उजवं अंग सांभाळणारा मेंदूचा भाग उपाशी राहिला.

"मान तर जरा बी सुजली न्हाई," मी म्हणाले.

"वरून काही दिसत नाही."

चौसाळ्यात आमचं किराणा दुकान. आमच्याकडे हजामत झाली की न्हावी दोन्ही बाजूंनी मान मोडून देतो. कडकन आवाज आल्याशिवाय हजामत पुरी होत नाही. या खेपेच्या हजामतीनंतर यांची मान दुखायला लागली. मग डाव्या डोळ्यापुढं अंधारी आली, गेली. उजव्या हातातून तराजू गळाला, तोही हात सुधारला. धाकटे दीर म्हणाले, "वैनी, शीर चढलीय. मान नीट मोडली न्हाई त्यानं." यांनाही पटलं. न्हाव्याला परत बोलावलं. त्यानं मान मोडली आणि हे तिथंच कलंडले.

न्हाव्याचा बापही अशाच माना मोडत आला. मला राग येतो, पण काढू कुणावर?

डॉक्टरांनी खोटी आशा लावली नाही, हे त्यांचे उपकार. "जीव वाचेल. वाचा परत येईल असं मी सांगणार नाही."

घरी आणल्यावर एकच शब्द फुटला, "शिवा." तहान लागली की शिवा. दीर दुकानाचं विचारायला आले की दात खाऊन शिवा. गावात बोभाटा झाला, की यांच्या तोंडी देवाशिवाय शब्द नाही. लोक पाया पडायला येऊ लागले.

तुमच्या घरी कुणाला अशी अंधारी आली, हात लुळा पडला आणि लगेच सुधारला, तर सुटलो म्हणून बसू नका. मानेला हात लावू देऊ नका, गाडी जुंपा आणि दवाखाना गाठा.

काल कपिलधारच्या यात्रेला निघालेल्या बाया आल्या. हे माझ्याकडे बघून "शिवा, शिवा" म्हणत रडत होते. बायांनी हात जोडले. एक म्हणाली, "लई पुण्यवान हाय माणूस."

मी त्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि यांचं ओलं धोतर बदललं.