न तपासलेल्या डोळ्यांवर सही

साथीच्या पहिल्या वर्षी मी अकरा मुलांच्या वह्यांवर खोट्या सह्या केल्या. डोळे तपासायला शिकणाऱ्या प्रत्येकाची अशी वही असते. त्यात तपासलेल्या रुग्णांच्या नोंदी आणि खाली शिकवणारीची सही, म्हणजे हे माझ्यासमोर केलं. त्या वर्षी रोह्याच्या आमच्या दवाखान्यात विद्यार्थ्यांना बंदी होती. मुलांनी डोळे पाहिले ते मोबाइलवर. मुलांचं वर्ष वाया जाऊ नये, असं सगळेच म्हणत होते. मीही म्हणाले. पेणला घरी बसून एका दुपारी सगळा गठ्ठा उरकला. हे आजवर लिहिलं नव्हतं.

त्यांतला एक मुलगा पेणमध्येच चष्म्याच्या दुकानात लागला. तिथे मिठागरावरची एक बाई लाल डोळा घेऊन आली. मिठागरातल्यांचे डोळे लाल असायचेच, मीठ लागलं असेल, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. तोही म्हणाला आणि थेंब दिले. डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं असतं, तर बुबुळावरची जखम हिरवी चमकली असती. त्याने तशी जखम कधी पाहिलीच नव्हती. वहीत मात्र वीसदा पाहिली होती, माझ्या सहीनिशी. बाई माझ्याकडे पोचली तेव्हा बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं.

ती म्हणाली, "पोरगा चांगला होता गो. पन त्याला कुनी शिकवलाच नाय वाटतं."

मी खाली बघून चिठ्ठी लिहीत राहिले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा बंदी, पुन्हा वह्या. मी गठ्ठा परत पाठवला. आमचे प्रमुख हसले. "मागच्या वर्षी तर हात झरझर चालला होता तुमचा, मॅडम."

"म्हणूनच आता चालत नाही," मी म्हणाले. मुलं रुग्णांवरच शिकतील, दोन-दोन करून, मागच्या पडवीत. उद्या कुणी आजारी पडलं तर जबाबदारी तुमची, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तसं लिहून आणा, त्यावर लगेच सही करते. त्यांनी खरंच आणलं. मी केली.

डोळा तपासायच्या यंत्रापुढे दोन तोंडं वीतभर अंतरावर येतात. म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मा सोड्याच्या पाण्यात धुऊन पारदर्शक केल्या आणि यंत्रावर आडव्या लावल्या. मास्कची वरची कड नाकाला चिकटपट्टीने चिकटवायची. हनुवटी टेकायची जागा दर वेळी स्पिरिटने पुसायची. ज्याला कणकण वाटेल त्याने घरी राहायचं, कारण विचारलं जाणार नाही. आणि यंत्राशी बसल्यावर कुणी बोलायचं नाही. जे बोलायचं ते आधी, अंगणात, लांबून. यंत्राशी दुखलं तर रुग्णाने बोट वर करायचं. आमच्या माणसांना असं न बोलता बसणं जड. वरसे गावच्या एका आजींचं बोट खालीच येईना. घाबरून विद्यार्थिनीने त्यांना अंगणात नेऊन विचारलं, परत येऊन म्हणाली, "दुखत नाही मॅडम, सुनेचं सांगायचं राहिलंय."

कुणी आजारी पडलं नाही. त्यात नशीबही होतं, हे मला ठाऊक आहे. तरी आज कुणी विचारलं तर हेच करीन म्हणेन.

पुढे ती मिठागरावरची बाई दुसरा डोळा दाखवायला आली. अंगणात, सहा हातांवरून, मी तिला सगळं सांगितलं. वह्या, सह्या, तो मुलगा. त्याची चूक नव्हती, माझी होती.

ती म्हणाली, "डोला गेला माजा. नि तू आता सांगतेस?" डोळा न दाखवताच उठून गेली. मी थांबवलं नाही. माफी मिळावी म्हणून मी सांगितलं नव्हतं.

आठवड्याने तिच्याच मिठागरावरच्या दोघीजणी आल्या, लाल डोळे घेऊन. तिनेच पाठवलं होतं. ती स्वतः पुन्हा कधी आली नाही.

थोरली आधीच विद्यार्थिनीला बजावत होती, "रंग घालून बघायला लाव म्हनलीय ती. नाय घातला तर उठून या म्हनलीय."

विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि तिने रंगाची पट्टी उघडली.