करवंट्यांतला संगणक

सकाळी कामाला लागण्याआधी दिवसाची यादी करायची, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी गॅसचं बुकिंग, अकरावीच्या प्रात्यक्षिकांच्या वह्या आणि 'विनूला फोन' अशी कामं लिहिली होती. विनूचं नाव आदल्या दिवशीच्या यादीतून पुढे आलं होतं, आणि त्यात ते त्याच्याही आदल्या दिवशीचं... पेन हातात असतानाच फोन वाजला. कोरगावहून विनूची बायको सुलभा बोलत होती. "शैलाताई, हे गेले," एवढंच म्हणाली आणि फोन शेजाऱ्याच्या हातात दिला. त्याच्याकडून कळलं ते असं : पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकून विनू फाटकापर्यंत गेला, पाव घेतले, पोदेराची काहीतरी थट्टा केली आणि परत येताना पायरीवर बसला. तो उठलाच नाही. डिचोलीहून कोरगावला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तो राहिलेला फोनच होता. विनूनं मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं होतं. ते उत्तर मला मागे घ्यायचं होतं.

विनू म्हणजे विनायक, माझा आतेभाऊ. माझं माहेर सर्वण, आतेचं सासर कोरगाव. आमच्या वयात काही महिन्यांचंच अंतर. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास आम्ही दोघं पणजीला कॉम्प्युटरच्या पदविकेला होतो. आमच्या घरांत हा विषय कुणाला ठाऊक नव्हता. "ह्या शिकून टायपिस्टच होतलंस मगे?" असं माझ्या वडिलांनी विचारलं होतं. भाषेच्या वादानं तेव्हा घराघरांत दोन बाजू पडल्या होत्या. आतेचे यजमान कट्टर मराठीवाले, माझा थोरला भाऊ कट्टर कोकणीवाला. चतुर्थीला एकत्र जमले की आरती संपायच्या आत दोघांची जुंपायची. असंच एकदा विनू मध्ये पडला नि म्हणाला, "आमच्या पणजेच्या मशीनीक कोकणीय येणा नाय आणि मराठीय येणा नाय. तेका फक्त एक नि शून्य कळता. तुम्ही दोघां तेच्याकडे जावा, एक जण एक घेवा, दुसऱ्यान शून्य." शून्य कुणी घ्यायचं यावरून पुन्हा वाद झाला, पण हसत.

पदविका झाल्यावर मी सरळ, सुरक्षित वाट धरली. आधी डिचोलीत एका खाण-कचेरीच्या कॉम्प्युटर विभागात, मग उच्च माध्यमिकला शिक्षिका. कुठल्या मुलानं काय शिकावं, त्यातून कुठली नोकरी मिळेल, हे पालक मला विचारू लागले आणि मी प्रत्येकाला कागदावर मुद्दे काढून देऊ लागले. माझ्याइतकेच गुण मिळवलेला विनू मात्र कोरगावला परतला. घराला लागून काजूच्या बिया साठवायची खोली होती, ती त्यानं झाडून घेतली, आमच्या खाण-कचेरीनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आणला आणि गावातल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. कोरगाव, हळर्ण, आसपासच्या वाड्यांवरची मुलं यायची. कॉम्प्युटर एकच, आणि वीज असेल तर असेल. म्हणून विनूनं स्वतःची पद्धत काढली होती. ती पाहायला मी एकदा मुद्दाम गेले होते.

अंगणात मुलं ओळीनं उभी. प्रत्येकाच्या हातात एक करवंटी, करवंटीत काजूच्या सुक्या बिया. एक मूल 'अ', दुसरं 'ब', तिसरं रिकामी करवंटी घेतलेलं 'क'. कॉम्प्युटरच्या पोटात असे नावांचे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा असतो, हे त्यानं असं हातात दिलं होतं. विनू हुकूम सोडायचा : "अ मधल्या बिया क मध्ये ओत. आता ब मधल्या अ मध्ये. आता क मधल्या ब मध्ये... झाली अदलाबदल? तिसरी करवंटी नसती तर काय केलं असतास रे?" "तोंडात धरलं असतंय, सर!" असं उत्तर आलं आणि विनूच सगळ्यात मोठ्यानं हसला. मुलं मधूनच बिया खिशात घालायची, कारण दुकानावर बियांच्या बदल्यात गोळ्या मिळायच्या. मग बेरीज चुकायची. "प्रोग्रामात चोर शिरलो," विनू जाहीर करायचा, "खिसे उलटे करा!" त्या अंगणातून निघालेली मुलं पुढे पुण्याला गेली, बंगळूरला गेली. काही जण खाणीवरच्या वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर बसले, एक मुलगी बँकेत लागली. मी विद्यार्थ्यांना कागद देत होते, विनू त्यांना करवंट्या देत होता, असं मी तेव्हा कौतुकानं म्हणायचे.

मग ती परीक्षा आली. बोर्डाच्या कॉम्प्युटर विषयाच्या उत्तरपत्रिका आम्ही काही शिक्षक तपासत होतो. 'अ = ब', म्हणजे ब मधला आकडा अ मध्ये घे, ही आज्ञा दिल्यावर ब मध्ये काय उरेल, असा एक प्रश्न होता आणि पुढचे दोन त्याच उत्तरावर उभे होते. खरं उत्तर असं की ब मध्ये जे होतं तेच राहतं. कॉम्प्युटर आकड्याची नक्कल करतो, आकडा उचलून नेत नाही. पण एका गठ्ठ्यात ओळीनं सगळ्यांचं उत्तर एकच : ब रिकामी. मुख्य परीक्षक म्हणाले, ही उघड कॉपी आहे. मी मात्र पाहताक्षणी ओळखलं. बिया अ मध्ये ओतल्यावर ब ची करवंटी रिकामीच होणार! मी त्यांना समजावलं की ही कॉपी नाही, मुलांना असंच शिकवलं गेलं आहे. कॉपीचा ठपका टळला. गुण मात्र देता आले नाहीत. उत्तर चूक होतं.

पुढच्या रविवारी मी कोरगावला जाऊन विनूला सगळं सांगितलं. तो पडवीत सुपारी कातरत होता. ऐकता ऐकता अडकित्ता थांबला. "तू गुण दिलंस?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. "बरोबर केलंस गो. चूक ती चूक." मग अडकित्ता मिटून म्हणाला, "इतकी वर्सां मी ब रिकामी करत रवलंय... आणि एकाय पोरान विचारूक नाय, सर, ब चा काय झाला?" निकाल लागल्यावर दोघातिघांचा पुढचा प्रवेश त्या गुणांपायी हुकला. कुणीही पालक विनूला बोलला नाही. त्यानं आपणहून वर्ग बंद केला. मी हळहळले आणि माझ्या स्वभावाप्रमाणे लगेच मार्गी लावायला धावले. पुण्यातल्या एका जुन्या वर्गमित्राला फोन केला, विनूचा अर्ज स्वतः टाईप केला आणि त्याला सॉफ्टवेअर तपासणीची नोकरी मिळवून दिली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे काम. त्यानं ते वर्षानुवर्षं चोख केलं. पगार चांगला होता, घर नीट झालं, आतेचं आजारपण निभावलं. मी सगळ्यांना सांगायचे, बघा, विनू शेवटी योग्य जागी पोचला. पुण्याहून सुट्टीला आला की तो पूर्वीसारखाच थट्टा करायचा, पण शिकवण्याचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचा. मला ते दिसायचं. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा तो कायमचा कोरगावला परतला. त्यानंतर एकदा घरच्या केळ्यांचा फणा घेऊन डिचोलीला माझ्याकडे आला. तीच आमची शेवटची भेट. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग एकदम म्हणाला, "शैले, वर्ग परत सुरू करूया म्हणतंय. तुका काय वाटता?" मी बोटांवर मुद्दे मोजले. आता मुलं मोबाईलवर शिकतात. गाड्या आहेत, म्हापशाच्या क्लासला जातात. प्रोग्रामच्या भाषा बदलल्या, तुझा अभ्यास जुना झाला. शाळांत लॅब आहेत. तुझा रक्तदाब आहे. आयुष्यभर राबलास, आता विसावा घे... "तुझे मुद्दे बरोबर आसतत," तो म्हणाला, "नेहमीच." मग त्यानं बशीत चहा ओतला आणि केळी पिकायला अजून किती दिवस लागतील ते सांगू लागला. तो गेल्यावर मला चैन पडेना. माझे सगळे मुद्दे खरे होते, आजही खरे आहेत. पण त्यानं मला मुद्दे विचारले नव्हते. जिनं एकदा त्याची चूक दाखवली होती, तिच्याकडे तो परवानगी मागायला आला होता. हे मला चार दिवसांनी उमगलं आणि मी यादीत लिहिलं, विनूला फोन. मग वह्या होत्या, मिटिंगा होत्या...

बारावं-तेरावं आटोपल्यावर मी पुन्हा कोरगावला गेले. सुलभाला काय काय करावं लागेल ते लिहून नेलं होतं : दाखला, बँक, विमा. ती मुकाट्यानं प्रत्येक कागदावर सही करत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "शैलाताई, एक रवला. हय येवा." आणि तिनं बियांची खोली उघडली. खोलीला नवा चुना होता. खिडकीखाली खिळ्यांची रांग ठोकलेली आणि प्रत्येक खिळ्याला शाळेतल्यासारखी एक पाटी, वर गळ्यात घालता येईल अशी दोरी. "तुमच्याकडे येवच्या आधी म्हापशातसून हाडलेले," ती म्हणाली. "करवंटी नको आता, म्हणाले. पाटी बरी. दुसऱ्याच्या पाटयेवरचा वाचायचा नि आपल्या पाटयेवर लिवायचा. माका 'ब' करून हय उभा केल्यानी. मी म्हटलंय, ह्या वयात गळ्यात पाटी! माझा काय जायत तर? तर म्हणाले, तुझा काय जाणा नाय, ताच तर पोरांका दाखवूचा आसा."

मी विचारलं, "माझ्याकडून परत आल्यावर काय म्हणाला?"

"काय नाय. शैला म्हणता ता खरा, म्हणाले. आणि दार ओढून घेतल्यानी."

पहिल्या दोन पाट्यांवर त्याचं अक्षर होतं. अ वर सात. ब वरही सात. सुलभानं पदराचं टोक हाताला गुंडाळलं आणि म्हणाली, "ह्यो पाट्यो शाळेक दिवया काय? पुसून देतंय. तुम्ही सांगशात तसा."

आमच्या घरात कुणीही काहीही विचारलं की मी सांगत आले आहे. सुलभा पदर हाताला धरून थांबली होती, आणि मला तिला काही सांगता येईना.