आमच्या सरांचा चेहरा वाचायचा नसतो

ऑपरेशन थिएटरमध्ये तोंडाला मास्क असतो, त्यामुळं आमचं निम्मं बोलणं डोळ्यांनी आणि हातांनी चालतं. मग बाहेर येऊन मास्क काढला की पोटात साठलेलं सगळं भडाभडा बाहेर पडतं. मिरजेच्या हॉस्पिटलात थिएटर सिस्टर म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलंय. किस्से साठले नसते तरच नवल!

*

आमचे सर, म्हणजे बायकांचे डॉक्टर, ऑपरेशन करताना मान वर करत नाहीत. नुसता तळहात पुढं करतात. काय हवंय ते आपण ओळखायचं आणि हातात ठेवायचं.

पलूसहून नवीन सिस्टर आली, सुनीता. पहिलाच दिवस, बिचारी बावरलेली. सरांनी हात पुढं केला. सुनीतानं क्षणभर बघितलं आणि दिली की हो टाळी!

सर मान वर न करता म्हणाले, "छान. आता कात्री द्या."

*

अवजार द्यायचं तर ते तळहातावर जोरात टेकवायचं, म्हणजे न बघताही डॉक्टरला कळतं. हाताला ही सवय एकदा लागली की लागली.

आमचे हे रात्री मोबाईल बघत जेवतात. भाकरीसाठी नुसता हात पुढं! मी दिली ठेवून, फाट्‌दिशी!

"अगं, भाकरी मागितलीय! कुणाचं पोट फाडायचं न्हाई मला!"

तेव्हापासून मोबाईल बाजूला ठेवून, तोंडानं मागतात.

*

आता सरांच्या चेहऱ्याबद्दल. माणूस सोन्यासारखा, पण चेहरा कायम मयताला जाऊन आल्यासारखा! एकदा एका बाईची गाठ काढली, सगळं झकास झालं. सर बाहेर आले, उकडत होतं म्हणून डोक्यावरची टोपी काढली. झालं! नवरा मटकन खाली बसला, जावेनं हंबरडा फोडला. बाई आत सलाईन लावून चहा मागत होती!

मग मॅनेजमेंटनं पुण्याहून एक ट्रेनर बोलावला. टाय लावलेला, चुणचुणीत. म्हणाला, "पेशंटशी बोलताना आय कॉन्टॅक्ट ठेवा, स्माईल द्या." सरांनी मन लावून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत तासगावची एक बाई रिपोर्ट घेऊन आली. रिपोर्ट नॉर्मल. सर तिच्या डोळ्यांत बघून हसले. बाईचा चेहरा पांढराफटक!

"सर, खरं सांगा. माज्याकडं किती दिवस हायत?"

सरांनी स्माईल बंद केलं. आम्हीही हात जोडले.

*

आणि हा किस्सा जतकडच्या पोरीचा.

नवरा फौजेत, सीमेवर. आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं. त्यामुळं या खेपेला सगळ्यांचाच जीव टांगणीला. सोबत फक्त सासू. अचानक सिझर करायचं ठरलं. कमरेखाली भूल दिलेली, पोरगी टक्क जागी.

बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही.

अशा वेळी आमच्याकडं एक रीत आहे. कुणीही आईकडं बघायचं नाही. मास्कवरचे डोळे खोटं बोलू शकत नाहीत ना! बाळाचे डॉक्टर बाळाला घेऊन बसले, आम्ही सगळे खाली माना घालून कामाला लागलो.

पोरगी म्हणाली, "सिस्टर, माज्याकडं कुणीच का बगंना?"

भूल देणाऱ्या मॅडमनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

मग एक बारीकसं कुरकुर केल्यासारखं ऐकू आलं. मग जरा मोठं. मग असं भोकाड पसरलं, काय सांगू! पोरगी हसायला लागली, मॅडम डोळे पुसायला लागल्या. बाळाला मात्र थोडा वेळ आतच, उबेत ठेवायचं ठरलं.

एरवी आमच्याकडं आधी बाळ बाहेर जातं, सिस्टरच्या हातात. डॉक्टर मागनं. हे बाहेर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी टाके संपवून सर आधी गेले. रिकाम्या हातानं, आणि तो तसला चेहरा घेऊन! मी मागं धावले.

म्हातारी सासू उठून उभी राहिली. सरांच्या हातांकडं बघितलं. मग चेहऱ्याकडं. सर बोलायला गेले, पण डोळ्यांतनं घळाघळा पाणीच आलं.

म्हातारी रडली नाही. पुढं आली, दोन्ही हातांनी सरांचे गाल कुरवाळले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"आसूं दे लेकरा," ती म्हणाली. "तुज्या हातात काय व्हतं? सकाळधरनं उभा हाईस. जेवलास का?"

सर तिचे हात धरून म्हणाले, "आवं आज्जी, नात झालीया तुमाला. चांगली हाय. आत रडतीया."

म्हातारीनं पदरानं सरांचे डोळे पुसले.

"मग तू का रडतूयास रं?"