वॉल्टर मास्तरचा ठेका

मित्राने शपथ घालून सांगितलेलं गुपित मी फोडलं. तेही अठ्ठेचाळीस तासांत नाही, चोवीस तासांत नाही, त्याच दिवशी संध्याकाळी! मला त्याची तसूभरही लाज वाटत नाही, आणि ज्याला वाटायची असेल त्याने आधी पुढचं ऐकावं.

मी जॅक्सन. दिवसा सातिवलीच्या एका कारखान्यात फिटर, आणि लग्नसराईत वॉल्टर मास्तरच्या बँडमध्ये साइड ड्रम. आम्ही चौदा जण. वॉल्टर माझा शाळेपासूनचा दोस्त, एरवी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क, पण माणिकपुरात त्याला क्लार्क म्हणून कुत्रंही ओळखत नाही. तो मास्तर! चर्चमधून नवरानवरी बाहेर पडली की तो ट्रम्पेट ओठाला लावायचा, आणि म्हाताऱ्या बायकासुद्धा सपाता काढून हातात घ्यायच्या आणि नाचायला लागायच्या. असा ठेका उभ्या वसईत नव्हता.

याच ठेक्याने चौदा वर्षांपूर्वी आमचा घात केला होता. एका लग्नात वरात हॉलच्या फाटकाशी आली, नवरानवरी आत वळली, आणि मास्तर सरळ पुढे! आम्हाला वाटलं, गंमत करतोय. आम्हीही मागोमाग. ठेका वाढतोय, वाढतोय, आम्ही घामाघूम, आणि थेट वसई रोड स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर. रिक्षावाले नाचले, मीही मूर्खासारखा वाजवत राहिलो. मग तो एका बाकावर चढला आणि म्हणाला, आता इथून रोमपर्यंत वाजवत चालत जायचं. तेव्हा मी त्याचे डोळे पाहिले, आणि माझ्या काठ्या आपोआप थांबल्या. तो आठवडाभर झोपला नव्हता, हे त्याच्या बायकोने, सुझानने, नंतर सांगितलं.

आजाराचं नाव बायपोलर. औषध लिथियम. खरं सांगतो, त्या गोळीने आमचा मास्तर आम्हाला परत दिला. बारा महिन्यांत तो पुन्हा ट्रम्पेट घेऊन उभा राहिला. सुझानने पहारा मात्र कधी उठवला नाही. नवरा जास्त बोलला, लवकर उठला, नवं काही विकत घ्यायचं म्हणाला, की तिचे कान टवकारलेच. सुरुवातीची कित्येक वर्षं दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी व्हायची. मग कोरोनात जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, आणि ओळखीचा मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर गोळी देत राहिला. गोळी चालू, तपासणी बंद. कुणाच्या ध्यानातही आलं नाही, माणूस ठणठणीत होता ना!

गेल्या दोन वर्षांत मास्तर मंद होत गेला. एप्रिलमध्ये स्वेटर. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, जेवता जेवता डुलकी. सुझान म्हणायची, "बरं झालं, शांत झालाय." आणि आमचा ट्रॉम्बोनवाला टोनी रोज कुरकुरायचा, "एका दमात संपनारी ओळ आता दोन दमांत पन संपत नाय." मी त्यालाच म्हणालो, आधी पोट कमी कर! मी ड्रमवाला, ठेक्याचा राखणदार, आणि मला कळलं नाही. मास्तर इंच इंच मागे सरकत होता आणि मी त्याच्याबरोबर इंच इंच सरकत होतो.

फेब्रुवारीत उपवासकाळाच्या आधीचं शेवटचं लग्न. वरात निघाली आणि एका पोराने ओरडून विचारलं, "अंकल, लग्न आहे की मयत?" रस्ताभर हशा. वॉल्टर हसला नाही. त्याने ट्रम्पेट पुसला, पेटीत ठेवला आणि माझ्याशीही न बोलता घरी गेला. मला कळलं होतं तो काय विचार करतोय. मेमध्ये त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, एलिनाचं लग्न होतं, आणि तिने लहानपणापासून एकच हट्ट धरला होता: चर्च ते हॉल डॅडी वाजवणार.

त्यानंतर चार दिवसांनी राखेचा बुधवार. आमच्याकडे या दिवसापासून ईस्टरपर्यंत प्रत्येक जण काहीतरी सोडतो. कुणी मटण, कुणी दारू, आमची ही टीव्हीवरची मालिका सोडते आणि चाळीस दिवस माझं डोकं खाते. चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपली, कपाळावर राख घेऊन आम्ही बाहेर आलो, आणि वॉल्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "या उपवासाला मी गोळी सोडतोय."

"कोनती गोळी?"

"तीच. जॉन पन फोनवर बोलला, त्या गोळीनेच तू थंड पडलास." जॉन म्हणजे त्याचा मोठा भाऊ, कॅनडात असतो, तिथून सल्ले देतो. "एलिनाच्या लग्नात मी मयत वाजवनार नाय, जॅक्सन. कोनाला बोलू नको. शपथ घे."

मी शपथ घेतली. दिवसभर कारखान्यात एकही नट धड बसला नाही. डोळ्यांसमोर तो रिक्षा स्टँड, तो बाक, आणि या वेळी लग्न एलिनाचं! सातिवलीहून सुटलो तो थेट त्याच्या घरी. तो आत झोपलेला, सुझान ओट्यावर मेथी निवडत बसलेली. मी सगळं ओकून टाकलं.

ती रडली नाही, भडकली. तशीच आत गेली, त्याला उठवलं आणि म्हणाली, "परवापर्यंत गोळी घे. नवी डॉक्टर बघू. ती बंद कर बोलली, तर मी स्वतः खाडीत फेकून येईन. पन तिनेच बोलायला पायजे." वॉल्टरने माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला शोधायला लागलो.

तरी दवाखान्यात मी त्या दोघांबरोबर गेलोच. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर संपदा, वयाने आमच्या मुलीएवढ्या. वॉल्टरला काही सांगायचंच नव्हतं, म्हणून मी मोबाइल काढला. आमचंच एक गाणं, सहा वर्षांपूर्वीच्या लग्नातलं: दोन मिनिटं दहा सेकंद. तेच गाणं फेब्रुवारीतलं: तीन मिनिटांना पाच सेकंद कमी. डॉक्टरांनी दोन्ही शेवटपर्यंत ऐकलं. मग त्याची मान चाचपली, त्याला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले आणि टाचेच्या वर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला केवढा वेळ! मी मोजत होतो हो, सवयच ती. पायसुद्धा ठेक्याच्या मागे पडला होता!

"थायरॉइडची तपासणी शेवटची कधी केली?" त्यांनी विचारलं.

सुझान बोटांवर वर्षं मोजायला लागली, आणि कोरोनाच्या आधी जाऊन थांबली.

रिपोर्ट आला. ज्या आकड्याने चार-पाचच्या आत राहायचं, तो अडतीस! डॉक्टर रागावल्या, पण समजावून. लिथियमने काही जणांची गळ्यातली थायरॉइड ग्रंथी हळूहळू मंदावते, आणि मग माणूसच मंदावतो. म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, थायरॉइड, मूत्रपिंड आणि लिथियमचं प्रमाणही. "लिथियम सोडायचं नाही, काका. मनाने सोडलंत तर जुना आजार उसळून येईल. थायरॉइडची गोळी देते, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची."

"म्हंजे ट्रम्पेट वाजेल?" वॉल्टरने विचारलं.

"वाजेल. दोनेक महिने धीर धरा."

मला तिथेच ड्रम वाजवावासा वाटला! निघता निघता मी विचारलं, उपवासाला दुसरं काही सोडलं तर चालेल ना, मीठबीठ? डॉक्टर खुर्चीतून उठल्याच. मीठ अचानक कमी केलं की अंगात लिथियम साठतं, पाणी भरपूर प्यायचं, आणि अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. शेवटी वॉल्टरने माझ्याशी बोलणं सोडलं, शपथ मोडल्याबद्दल. पूर्ण उपवासकाळ!

बाहेर जिन्यात सुझान थांबली. "मी चौदा वर्षं नुसती त्याच्या धावन्यावर नजर ठेवली," ती म्हणाली. "तो थांबत चाललाय, ते डोळ्यांसमोर दिसत होतं आनि मी खूश होते."

ईस्टरपर्यंत स्वेटर उतरला. चेहऱ्यावरची सूज ओसरली. ईस्टरच्या सकाळी तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "उपवास संपला. प्रॅक्टिसला ये." आणि प्रॅक्टिसला पहिल्याच गाण्यात टोनी एका दमात ओळ संपवून वेड्यासारखा ओरडला! मी आनंदाने नाचलो, आणि रात्री... छे, रात्र कुठली, घरी पोचायच्या आतच मला तो रिक्षा स्टँड आठवला. हा ठेका बरा होण्याचा, की तोच जुना? सुझानलाही तेच. तो सकाळी शीळ घालायला लागला की ती कामधाम सोडून ऐकत राहायची. नवा रिपोर्ट चांगला आला, लिथियमचं प्रमाण बरोबर, झोप सात तास. पण भीती रिपोर्ट वाचत नाही.

मेमधला तो शनिवार. चर्चच्या पायऱ्यांवर एलिना, आणि वॉल्टरने ट्रम्पेट उचलला. देवा! पहिल्या सुरालाच सगळा रस्ता उसळला. म्हाताऱ्या बायकांनी सपाता काढल्या. पोरं, पाहुणे, जॉनसुद्धा कॅनडाचा कोट सांभाळत नाचत होता. माझ्या काठ्या उडत होत्या. ठेका वाढला. आणखी वाढला. सुझान बँडच्या कडेने चालत होती, तिने माझ्याकडे पाहिलं, तिचा चेहरा पांढरा. मी मान हलवली, पण मलाच खात्री नव्हती. कारण समोर हॉलचं फाटक दिसत होतं. तेच फाटक.

एलिना आत वळली. वॉल्टरची पाठ माझ्यासमोर होती आणि त्याचं पाऊल पुढे पडत होतं.

आणि त्याचा उजवा हात वर गेला. मूठ मिटली. चौदाच्या चौदा जण एका फटक्यात गप्प, फाटकाच्या बरोबर समोर!

तो वळला. घामाने चिंब, तरातरा माझ्याकडेच आला. "जॅक्सन, एवढा कशाला पळतोस रे? मी ठेका देतोय आनि तू मला पुढे ढकलतोस! मी सुटलोय का आता? सुटलायस तू!"

खरं होतं. मीच पळत होतो. चर्चपासून त्याने चार वेळा वळून मला आवरायचा इशारा केला होता, टोनीने नंतर सांगितलं. मला एकही दिसला नाही.

सुझान तिथेच रस्त्यात हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आवरेना. वॉल्टरने तिचा हात धरला, ट्रम्पेट काखेत मारला आणि फाटकातून आत गेला. आम्ही मागोमाग.